वायपरखालची जाळी

आमच्या गाडीखाली कधी पाण्याचा थेंब पडत नाही, याचा बाबांना फार अभिमान होता. खडकीच्या क्वार्टर्समध्ये आमच्या इमारतीसमोर तेव्हा एसीच्या दोनच गाड्या उभ्या असायच्या, एक वरच्या मजल्यावरच्या साठेकाकांची आणि एक आमची. साठेकाका उन्हातून फिरून आले की त्यांच्या गाडीखाली आधी बशीएवढं, मग ताटाएवढं ओलं वर्तुळ जमायचं आणि एक पिवळं कुत्रं येऊन ते चाटत बसायचं. आमच्या गाडीखालची फरशी मात्र ठणठणीत कोरडी. "साठे, गाडी दाखवून घ्या, गळतेय," बाबा म्हणायचे. साठेकाका मूळचे पेठेतले. "गळू दे हो," ते म्हणायचे, "कुत्र्याची सोय होते. तुम्ही अकोल्याकडची माणसं, तुमची गाडीसुद्धा पाणी जपून वापरते." बाबा खूश व्हायचे. ते कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होते. केसाच्या जाडीइतका फरक निघाला तरी माल परत पाठवायचे. आपल्या गाडीतून काही गळत नाही, हे त्यांना आपल्या शिस्तीचं फळ वाटत असावं. एसी चालू असेल तर गाडीखाली पाणी पडलंच पाहिजे, हवेतली ओल थंड जाळीवर जमून नळीवाटे बाहेर गेलीच पाहिजे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पाणी जातंय कुठे, असा प्रश्नही कुणाला पडला नाही. हिशेबाच्या नोकरीत आयुष्य काढल्यावर आता वाटतं, जे बाहेर यायला हवं ते येत नसेल तर ते आतच कुठेतरी साचत असणार, एवढं तरी सुचायला हवं होतं.

गाडी घेतली होती ती नंदूसाठी. नंदू माझा धाकटा भाऊ. मी कॉलेजात होते तेव्हा तो सहावी-सातवीत असेल. त्याला दमा होता. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून तो शाळेत जायचा आणि मुंबई-पुणे रस्त्यावरचा ट्रकांचा धूर खाऊन पहिल्या तासाला बाकावर मान टाकायचा. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून जपा, बंद गाडीतून न्या, पण कोंदट हवा नको, ताजी हवा हवी. म्हणून सेकंडहँड, मरून रंगाची, छोटीशी गाडी दारात आली. तिच्या डॅशबोर्डवर एक सरकती दांडी होती. एका बाजूला गाडीतल्या गाडीत फिरणाऱ्या बाणाचं चित्र, दुसऱ्या बाजूला बाहेरून आत येणाऱ्या बाणाचं. बाबांनी ती बाहेरच्या बाणावर नेऊन ठेवली आणि आम्हाला बजावलं, "हिला कुणी हात लावायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलंय." कुणी लावला नाही.

त्या घरातल्या सकाळी मला आवाजांनी आठवतात. आधी कारखान्याचा भोंगा, मग लोकल गेली की फडताळातल्या स्टीलच्या पेल्यांची किणकिण, मग आईची घंटी. आई अकोल्याची. पुण्यात इतकी वर्षं काढून तिची भाषा पुणेरी झाली होती, पण घाबरली, चिडली किंवा रंगात आली की तिच्या तोंडून वऱ्हाडीच यायची. रविवारी ती गोळाभात करायची. वाफाळत्या भातावर डाळीचे गोळे कुस्करून वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी घातली की तिचा चर्र आवाज जिन्यापर्यंत जायचा. साठेकाका तो ऐकून खाली यायचे आणि "मी फक्त पेपर परत द्यायला आलो" असं म्हणून पाटावर बसायचे. रोज सकाळी नंदू गाडीत बसायच्या आधी आई देवाचं तबक घेऊन खाली उतरायची. आमच्याकडे दसऱ्याला गाडी पुजतात, तशी तिने ही रोज पुजायला सुरुवात केली होती. बॉनेटला कुंकू, काचेखाली वायपरजवळ चिमूटभर कुंकवाच्या अक्षता, झेंडूचं एक फूल आणि कापसाचं वस्त्र. गाडी सुरू होईपर्यंत ती हात जोडून उभी राहायची. संध्याकाळी गाडी परत आली की फूल सुकलेलं असायचं, अक्षता नसायच्या. वाऱ्याने उडाल्या असतील, असंच सगळे धरून चालत.

आणि नंदू बरा व्हायचं सोडून बिघडत गेला. स्कूटरवर तो शाळेत पोचल्यावर धापा टाकायचा, आता गाडीत बसल्यावर पाच मिनिटांत त्याच्या छातीतून शिट्टी वाजायला लागायची. गाडीत ओल्या पोत्यासारखा वास यायचा. गॅरेजवाल्याने एकदा गॅस भरून दिला, एकदा डॅशबोर्डवर लावायची सुगंधी बाटली दिली. त्या बाटलीने नंदूला उलटी झाली. डॉक्टरांनी शेवटी हात टेकले. म्हणाले, पुण्याची हवा याला मानवत नाही, काही वर्षं कोरड्या हवेत ठेवून बघा. अकोल्याला माझी सुमीमावशी होती. बाबांनी शाळेच्या दाखल्यासाठी अर्ज केला, आगगाडीचं रिझर्व्हेशन केलं, आणि घरात भांडण पेटलं. आई रडली नाही, उलट पोळपाट आपटून म्हणाली, "मी नाही पाठवत त्याले. माह्या डोळ्यांसमोर राहील तो. काहून पाठवता त्याले? मी मेली का?" बाबा म्हणाले, "तो इथे राहून मेला तर?" असं बोलणं आमच्या घरात त्याआधी कधी झालं नव्हतं. दम्याने आडवं होता येत नाही म्हणून नंदू आतल्या खोलीत उशीला टेकून बसला होता. त्याने सगळं ऐकलं.

त्यानंतरच्या रविवारी बाबांनी एसी स्वतः उघडायचा ठरवलं. मला वाटतं, मुलाला स्टेशनपर्यंत तरी धड हवेत नेऊ, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांचा एक नियम होता. भाग नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय हत्यार हातात घ्यायचं नाही. कॅलेंडरच्या एका पानामागे त्यांनी डॅशबोर्डची बाह्यरेषा काढली, इंजिन सुरू केलं, मला आत बसवलं आणि स्वतः दार उघडून गाडीच्या उंबऱ्यावर बसले. "पंखा एकवर कर. आता दोनवर. आवाज कुठून येतो?"

"डावीकडून. समोरच्या कप्प्याच्या मागून."

कान लावून त्यांनीही खात्री केली आणि चित्रात डावीकडे लिहिलं, पंखा. मग एसी लावून त्यांनी मला डॅशबोर्डच्या पोटाखाली हात फिरवायला लावला. माझा हात सडपातळ, तो आत सहज जायचा. मधल्या भागाच्या जरा डावीकडे प्लास्टिकची पेटी बर्फासारखी लागली. तिथे त्यांनी लिहिलं, थंड जाळी. मग एसी बंद करून गरमचं बटण फिरवलं. ते पुण्यात कुणी कधी फिरवलेलं नव्हतं. गिअरच्या दांड्यापुढे, अगदी मधोमध, हाताला ऊब लागायला लागली. बॉनेट उघडून पाहिलं तर इंजिनाकडून दोन रबरी नळ्या त्याच जागी भिंतीतून आत शिरत होत्या, दोन्ही तापलेल्या.

"हे काय गरम?" आई गॅलरीतून खाली येत म्हणाली.

"हीटर. इंजिनाचं गरम पाणी यात फिरतं."

"पुण्यात शेगडी कायले पाहिजे गाडीत? मुंबईवाल्यांनी घेतली असती तर समजलं असतं, त्यांना आपली थंडी बाधते."

बाबा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच घरात कुणी हसलं होतं. चित्रात आता तीन पेट्या ओळीत आल्या होत्या, डावीकडे पंखा, मग थंड जाळी, मग हीटर. हवा या क्रमाने जाऊन पुढच्या जाळ्यांतून आपल्या तोंडावर येते. एकच जागा कोरी राहिली होती. पंखा ही हवा घेतो कुठून?

"खिडकीतून," मी म्हटलं.

"खिडक्या बंद आहेत, बाईसाहेब."

"मग इंजिनातून?"

"इंजिनातून घेतली असती तर आपण सगळे केव्हाच वर गेलो असतो."

वर साठेकाका गॅलरीत दाढी करत होते. अर्ध्या फेसातून ते ओरडले, "देवाकडून येते असं लिहा आणि मोकळे व्हा!"

बाबांना तेव्हा कारखान्यातली एक युक्ती आठवली. कुठल्या फटीतून हवा ओढली जाते हे बघायचं तर तिथे धूर धरायचा. त्यांनी आईला उदबत्ती आणायला सांगितली. नंदूला धुराचा त्रास होऊ नये म्हणून त्याला वरच ठेवलं. पंखा चारवर लावून मी आत काचा बंद करून बसले. आई उदबत्ती घेऊन गाडीभोवती फिरू लागली, तबक घेऊन फिरायची तशीच. तिने पुढच्या जाळीपाशी धरली, चाकाशी धरली, दाराच्या फटींपाशी धरली. धूर सरळ वर जात होता. मग ती बॉनेटवर वाकली आणि वायपरजवळ उदबत्ती नेली. मी काचेतून बघत होते. वर चाललेली धुराची दोरी अचानक वाकली, आडवी झाली, आणि वायपरखालच्या काळ्या जाळीत डोकं खुपसून नाहीशी झाली. क्षणभरात आत माझ्या तोंडावर चंदनाचा वास आला.

"अहो! इथं!" आई लहान मुलीसारखी आनंदली. "इथं ओढून राहिली! पहा न! सगळा धूर गिळून राहिली!"

बाबा आले. जाळीच्या तोंडावर सकाळचं झेंडूचं फूल होतं, ते त्यांनी दूर करायला उचललं. मग ते फूल हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. जाळीच्या पट्ट्यांमधलं अंतर त्यांनी डोळ्यांनी मोजलं असणार, कारण पुढच्याच क्षणी त्यांनी आईच्या तबकातला तांदळाचा एक दाणा उचलून त्या फटीवर ठेवला. दाणा आत गेला. त्यांनी आईकडे पाहिलं नाही. "चहा टाकतेस का?" एवढंच म्हणाले.

आई वर गेल्यावर आम्ही डावीकडचा कप्पा काढला. स्क्रू क्रमाने राहावेत म्हणून बाबांनी आईचा जुना मसाल्याचा डबा घेतला होता. मोहरीच्या वाटीत कप्प्याचे, हळदीच्या वाटीत त्यामागच्या पट्टीचे. पट्टी निघाली तसा मागे पंख्याचा काळा गोल डबा दिसला. तो तीन बोल्टांवर होता आणि वरच्या बोल्टपर्यंत बाबांचा हात पोचेना, म्हणून दहा नंबरचा पाना घेऊन मी हात घातला. बोल्ट सुटला. डबा जरा खाली आला, वर बोटभर फट पडली, आणि माझी बोटं आत गेली. काहीतरी मऊ होतं. मला वाटलं स्पंज असेल. मी चिमटीत धरून ओढलं. बाहेर आला तो कापूस, मळून राखाडी झालेला, त्यात दोऱ्याचे तुकडे, झेंडूच्या पाकळ्या, केस. आणि त्या सगळ्याच्या मधोमध दात विचकलेला, वाळून लाकूड झालेला उंदीर. तो माझ्या तळहातावर होता. मी किंचाळले की नाही हे मला आठवत नाही. साठेकाका अर्धी दाढी केलेले तसेच खाली धावत आले, त्यावरून किंचाळले असणार.

बाबांनी उरलेले बोल्ट काढून डबा ओढला आणि मागच्या पेटीतलं पाणी त्यांच्या मांडीवर सांडलं. काळपट, बुळबुळीत, ओल्या पोत्याच्या वासाचं पाणी. कोरड्या फरशीचा सगळा अभिमान त्या पाण्यात होता. त्यांनी पायजमा झटकलाही नाही. बॅटरी घेऊन ते पालथे झाले, आत उजेड टाकला आणि म्हणाले, "वैशू, तू बघू नकोस." म्हणून मी बघितलं. थंड जाळी ॲल्युमिनियमची असते, पातळ चंदेरी पत्र्यांची, हे आज मला माहीत आहे. आमची लाल होती. वरून खालपर्यंत ओघळ आलेले, मधे मधे गोठलेले लाल काळे गोळे. "रक्त!" मी म्हणाले. इतकं रक्त एका उंदराचं कसं असेल, असा विचारही माझ्या मनात येऊन गेला. बाबांनी बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"कुंकू," ते म्हणाले.

जाळीच्या पायथ्याशी तांदूळ फुगून, कुजून त्याची खळ झाली होती आणि पाणी बाहेर जायच्या भोकात ती बुचासारखी बसली होती. तिच्यावर काळ्या बुरशीची लव होती, मांजराच्या पाठीसारखी दाट. आणि त्या बुरशीतून झेंडूची तीन-चार रोपं उगवली होती. ऊन न बघितलेली, दोऱ्यासारखी बारीक, पांढरीफटक. उंदीर मी विसरले आहे असं म्हणता येईल. ती रोपं अजून कधी कधी डोळ्यांसमोर येतात.

साठेकाकांना टोमणा सुचला नाही, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. ते नुसते "अरे, अरे, अरे" म्हणत राहिले. मागे आई चहाचे पेले घेऊन केव्हा येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलंच नाही. तिने पेले सवयीने बॉनेटवर ठेवले. मग बाबांच्या खांद्यावरून वाकून, बॅटरीच्या उजेडात, तिने सावकाश सगळं पाहिलं. कापूस पाहिला. तो तिने वळलेला होता, वातीला आणि वस्त्राला ती एकाच प्रकारची गाठ मारायची.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

तिने त्या गाठीवर बोट ठेवलं.

"सांगा न. हे माझं आहे न?"

"हो," बाबा म्हणाले.

"अन् ही हवा त्याच्या छातीत जात होती?"

मी बाबांकडे पाहिलं. मला खात्री होती की ते काहीतरी सांभाळून घेतील. म्हणतील, उंदराचं आहे हे, गाडी जुनी आहे, आधीच्या मालकाने काय केलं कुणास ठाऊक. इतकं सोपं होतं ते. बाबा ओल्या पायजम्यात तसेच बसून म्हणाले, "जात होती. याच वाटेने."

त्या दिवशी मला सर्वांत मोठा धक्का बसला तो उंदराचा नाही, या वाक्याचा. मला त्यांचा इतका राग आला की हातातला पाना मी फेकून दिला. स्वतःचा संसार करून, मुलं वाढवून झाल्यावर आता मी या प्रसंगाकडे बघते तेव्हाही माझं उत्तर ठरत नाही. मी त्यांच्या जागी असते तर खोटं बोलले असते, हे नक्की. पण मग जाळीवरचं फूल थांबवायला मला रोज एक नवीन खोटं शोधावं लागलं असतं, हेही खरं. बाबांना कदाचित तेवढंच दिसलं असेल. कदाचित काहीच दिसलं नसेल, माप विचारलं आणि त्यांनी माप सांगितलं, इतकंच.

 आईने बॉनेटवरच्या पेल्यांकडे हात नेला, पण भाजल्यासारखा झटकन मागे घेऊन, ते पदरात धरून उचलले. जणू त्या गाडीला तिचा हात लागायला नको होता. वर जाऊन तिने गोळाभात केला. फोडणीचा चर्र आवाज आला, पण साठेकाका जेवायला आले नाहीत.

त्या संध्याकाळी बाबा नंदूला समजावत होते की आता अकोल्याची घाई नको, गाडी स्वच्छ करू, महिनाभर बघू, मग ठरवू. नंदूचं तोंड उजळलं होतं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ द्या त्याले."

बाबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुठे?"

"अकोल्याले. सुमीकडे. रिझर्व्हेशन आहे न? जाऊ द्या."

"अगं, तूच तर म्हणत होतीस..."

"म्हणत होती. तेव्हा मले माहीत नव्हतं." मग ती शांतपणे, अगदी पुणेरी शुद्ध भाषेत म्हणाली, "माझ्यापासून लांब राहिला तर जगेल."

 नंदू उठला आणि तिच्या समोर जाऊन उभा राहिला. तो चिडला की त्याला दम लागायचा, तसा लागला होता. "मी काय उंदीर आहे का," तो म्हणाला, "घरातून काढून टाकायला?" आईने त्याला जवळ घेतलं नाही. हातातली मेथी खाली ठेवून ती मोरीत हात धुवायला गेली आणि बराच वेळ धूत राहिली.

पुढचे दिवस मी विसरू शकलेले नाही. बाबा रोज कामावरून येऊन गाडीत शिरायचे. मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने त्यांनी ती थंड जाळी पत्र्यापत्र्याने धुतली, पाण्याच्या नळीतून तार घालून तांदळाच्या खळीचा गोळा बाहेर काढला, वायपरखाली बारीक तारेची जाळी कापून बसवली. सगळं परत जोडून एसी लावला तेव्हा गाडीखाली टपटप थेंब पडायला लागले. साठेकाका वरून म्हणाले, "अभिनंदन. गळायला लागली." पण आई खाली आली नाही. सकाळी तबक घेऊन उतरणं थांबलं. ती गॅलरीत, तेही दाराच्या आड, उभी राहायची. इतकंच असतं तर चाललं असतं. रात्री नंदूच्या छातीला ओव्याचं तेल लावायची तिची रीत होती, ती तेलाची वाटी माझ्याकडे सरकवून म्हणायची, "वैशे, तू लाव." त्याला दूध द्यायचं तर पेला ओट्यावर ठेवायची, हातात द्यायची नाही. त्याच्या शर्टाचं बटण तुटलं तर मला सांगायची. नंदूने दोनदा मुद्दाम तिच्या मांडीवर पाय टाकून पाहिला. दोन्ही वेळा तिला स्वयंपाकघरात काहीतरी आठवलं. बाबा एकदा तिला म्हणाले, "अगं, कारणं अनेक असतात. धूळ आहे, थंडी आहे, माझ्या आजोबांना दमा होता. एका कुंकवाने होत नाही एवढं." ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं न, याच वाटेने."  बाबांचं खरं होतं, हे इथेच लिहून टाकते. नंदूचा दमा गाडी धुतल्याने गेला नाही. आज त्याची पन्नाशी जवळ आली आहे आणि त्याच्या खिशात पंप असतो. पण तेव्हा आईला हे कुणीही पटवू शकलं नसतं.

जायचा दिवस उजाडला. अकोल्याची गाडी दुपारची होती. बाबा त्याला पोचवून परत येणार, आणि मी नुकतीच गाडी शिकले होते, म्हणून स्टेशनवरून आईला घेऊन मी परतायचं असं ठरलं. मी चालवत होते, शेजारी बाबा माझ्या क्लचवर लक्ष ठेवून, मागे नंदू आणि आई. आई त्या रविवारनंतर पहिल्यांदाच गाडीत बसत होती. ती दाराला इतकी चिकटून बसली होती की तिच्यात आणि नंदूमध्ये आणखी एक माणूस मावला असता. काचा बंद, एसी चालू. हवेला कसलाच वास नव्हता. नंदू खिडकीतून बाहेर बघत होता आणि कुणाशीच बोलत नव्हता. एरवी वाकडेवाडीच्या अलीकडेच तो पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसायचा. दम लागलेली माणसं बसतात तसा. मी आरशातून त्याच्याकडे बघत होते. तो वाकला नाही. वाकडेवाडी गेली. संगम पुलाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो डुलक्या घेत होता, आणि सिग्नल सुटताना मी क्लच असा काही सोडला की गाडीला हिसका बसला आणि तो झोपेतच आडवा होऊन आईच्या मांडीवर पडला.

आईचे दोन्ही हात वर झाले. अंगावर काही सांडलं की होतात तसे. ती हात हवेत धरून बसली, त्याला न शिवता, आणि खाली त्याच्याकडे बघत राहिली. बाबा मला म्हणाले, "समोर बघ." मी समोर बघितलं, पुन्हा आरशात बघितलं. आरटीओच्या चौकापर्यंत ते हात हवेत होते. मग एक खाली आला आणि त्याच्या पाठीवर टेकला, आधी फक्त बोटं, मग सगळा तळवा. ती वाकली आणि तिने आपला कान त्याच्या पाठीजवळ नेला.

स्टेशनच्या आवारात मी गाडी लावली. बाबा उतरले, मागून बॅग काढली आणि आईच्या बाजूचं दार उघडलं. बाहेरचा सगळा गोंगाट आत आला, हमाल, रिक्षावाले, फलाटावरची घोषणा.

"चला," बाबा म्हणाले. "उठव त्याला."

आई हलली नाही. "आडवा झोपला आहे," ती म्हणाली. "पाहून राहिले न तुम्ही? आडवा."

"हो, पण गाडी फलाटाला लागली असेल."

"लागू द्या." ती कुजबुजल्यासारखी बोलत होती. "मी ऐकून राहिली. पुलापासून ऐकून राहिली. नाही वाजत त्याची छाती." मग तिने मान वर केली आणि मला हुकूम सोडला. इतके दिवस न ऐकलेल्या, पोळपाट आपटणाऱ्या तिच्या जुन्या आवाजात, फक्त हळू. "वैशे, गाडी वळव."

मी बाबांकडे पाहिलं. ते हातात बॅग घेऊन उन्हात उभे होते. फलाटावर पुन्हा घोषणा झाली, आमच्याच गाडीची. त्यांनी बॅग परत मागे ठेवली. मग आईच्या बाजूचं दार त्यांनी आपटलं नाही, तळहाताने दाबत, दाबत, खट्ट होईपर्यंत हळूच लावलं, आणि वळसा घालून माझ्याशेजारी येऊन बसले.

"पहिला गिअर टाक," ते म्हणाले. "क्लच सावकाश सोड. झोपलाय."